पार्सल दारात, तक्रार परगावी

न पाहिलेल्या वस्तूचे पैसे कधी मोजायचे, हा प्रश्न मोबाइलबरोबर आला असं घरातल्या तरुण मंडळींना वाटतं. सातारा-सांगलीकडे तो त्यांच्या पणजोबांनाही पडलेला होता. १८७७ साली टपाल खात्याने ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’ सुरू केलं. आपण त्याला व्ही.पी. म्हणत आलो. मुंबईच्या नाही तर कोलकात्याच्या दुकानदाराला कार्ड टाकायचं, त्याने माल पोस्टात द्यायचा आणि खेड्यातल्या गिऱ्हाइकाने पैसे भरून तो सोडवून घ्यायचा. ते पैसे पोस्टच पुढे मनिऑर्डरने दुकानदाराला पोचते करायचं. २०१० साली फ्लिपकार्टने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सुरू केली, तेव्हा टपाल खात्यातल्या आम्हा लोकांना ती लगेच ओळखू आली.

मी १९७८ साली या खात्यात कारकून म्हणून लागलो आणि विटा, तासगाव, कऱ्हाड इथल्या खिडक्यांवर नोकरी केली. निवृत्तीनंतर सांगलीत लोकांच्या ग्राहक तक्रारींचे कागद लिहून देतो. वकील नाही, फी घेत नाही. दोन्ही कामांत एकच गोष्ट मला दिसत आली. चुकीचा माल येणं हे दुखणं जुनंच आहे, आणि कोणत्याही कायद्याने ते मुळापासून जाणार नाही. फरक पडतो तो तक्रार ऐकून घेणारा माणूस किती कोसांवर बसलाय याने. आपल्या या दोन जिल्ह्यांत ते अंतर तुटायला सव्वाशे-दीडशे वर्षं लागली. ती हकिकत सांगावी म्हणून हे लिहितोय.

आठवडी बाजारात हे अंतर नव्हतंच. माल डोळ्यांसमोर, विकणारा पुढच्या आठवड्यात त्याच जागी, आणि भांडण झालं तर मध्ये पडायला चार ओळखीची माणसं. मोठ्या व्यापारातही वानगी बघितल्याशिवाय सौदा होत नसे. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली पेवं खणून त्यांत हळद साठवायचे. हळद जमिनीच्या पोटात, गिऱ्हाईक परगावचं, पण वानगी हातात घेऊन, कांडी मोडून, आतला रंग बघून मगच बोलणं पुढे जायचं. म्हणजे तिथे सगळं स्वच्छ होतं असं मुळीच नाही. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची पद्धत होती, कडता होता, तोलाई-हमालीच्या नावाखाली कापाकापी होती, आणि शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव कळत नसे. ते थांबवण्यासाठी मुंबई इलाख्यात १९३९ साली शेतमाल बाजाराचा कायदा करावा लागला. पण नाडलेल्या माणसाला निदान कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं ते ठाऊक असायचं.

व्ही.पी.ने ते दार दूर नेलं. शिवाय आपल्याकडचा तेव्हाचा नकाशा बघा. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. सांगली आणि मिरज पटवर्धनांच्या संस्थानांत. जत वेगळं, फलटण वेगळं. कुंडल आणि आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींकडे. तासगावच्या माणसाने सांगलीच्या पेठेतून चुकीचा माल आणला, तर त्याचं कोर्ट इंग्रजी हद्दीत आणि दुकानदार संस्थानात. अर्ध्या दिवसाच्या वाटेवर राज्य बदलायचं. १ ऑगस्ट १९४९ ला संस्थानांचे आणि जुन्या साताऱ्याचे तुकडे जोडून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला; १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. तोवर या मुलखात न्याय हद्दीहद्दीने वाटलेला होता. टपाल मात्र सगळ्या सीमा ओलांडून जायचं. माल सरळ दारात येई; तक्रार त्या वाटेने परत जाऊ शकत नव्हती.

याच मुलखात दोन कारखाने असे उभे राहिले की त्यांचं गिऱ्हाईक मुळातच दूरदूर पसरलेलं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हता. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली ती याच गिऱ्हाइकाशी बोलायला. पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ही तिथूनच निघाली. माळावरच्या छापखान्यातून निघालेली मासिकं टपालाने मराठी मुलुखभर जायची. दुसरा कारखाना कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा, १९१६ सालचा. तिथली काच आणि प्रभाकर कंदील घरोघर पोचले. काच परगावी पाठवायची म्हणजे फूट आलीच, आणि फुटलेलं कुणाच्या खाती घालायचं हा रोजचा प्रश्न. मला या दोन नावांचं मोल वाटतं ते यासाठी, की माल बनवणाऱ्याचा पत्ता गिऱ्हाइकाला पाठ होता. किर्लोस्करवाडी आणि ओगलेवाडी ही आगगाडी थांबायची गावं होती. नांगराचा फाळ चुकीचा आला तर खानापूरचा शेतकरी तो घेऊन थेट कारखान्यात जाऊ शकत होता. कोलकात्याच्या घड्याळवाल्याकडे कोण जाणार?

कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने काहीच बोलत नव्हता असंही नाही. १९३० चा मालविक्री कायदा आजही लागू आहे आणि तो प्रत्येकाने एकदा वाचावा असा आहे. कलम १५ म्हणतं, वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. कलम ३७ प्रमाणे, मागवलेल्या मालात भलताच माल मिसळून आला तर घेणारा सगळंच नाकारू शकतो. कलम ४१ माल तपासायची वाजवी संधी देतं. ती मिळेपर्यंत माल स्वीकारला असं धरत नाहीत. आणि कलम ४३ तर फार थोड्यांना माहीत आहे. वेगळा करार नसेल, तर हक्काने नाकारलेला माल विकणाऱ्याकडे पोचवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर नाही. ‘मी हा माल नाकारतो’ एवढं कळवलं की पुरे. त्याच कायद्यात एक उलटी बाजूही होती. विकणाऱ्याने माल रेल्वेच्या किंवा वाहतूकदाराच्या ताब्यात दिला, की तो सकृद्दर्शनी घेणाऱ्याला दिला असं धरायचं. ‘माल गोदामातून बाहेर पडल्यावर आमची जबाबदारी नाही’ हे वाक्य जुन्या बिलांवर छापलेलं असायचं ते या आधाराने. शेजारी दुसरी ओळ असायची, सगळे वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत. पहिल्या ओळीने जबाबदारी झटकली जायची आणि दुसरीने वाट बंद व्हायची. शंभर रुपयांच्या मालासाठी परक्या शहरात दिवाणी दावा लावायचा, कोर्ट फी भरायची आणि तारखा करायच्या, हे कुणाला परवडणार होतं?

मी नोकरीला लागलो तेव्हा व्ही.पी.चा जोर होता. पुस्तकं, औषधं, मासिकांच्या वर्गण्या, देवाचे फोटो, शिवणयंत्राचे सुटे भाग. पार्सलबरोबर पाठवणाऱ्याने भरलेला मनिऑर्डरचा फॉर्म यायचा. गिऱ्हाईक पैसे आणि कमिशन मोजायचं, आम्ही जर्नलात नोंद करायचो आणि मगच पार्सल हातात. आधी उघडून बघायला परवानगी नव्हती. लोक विनवायचे, ‘मास्तर, नुसती दोरी सोडून बघतो’. मला ‘नाही’ म्हणावं लागायचं. तो नियम मला तेव्हाही अन्यायाचा वाटत होता, आजही वाटतो.

विट्याला असताना घाटमाथ्याकडच्या एका गावातले एक आबा आले. त्या काळात वर्तमानपत्रांत, मासिकांत कोड्याच्या जाहिराती असायच्या. चार अक्षरं जुळवा, ट्रान्झिस्टर सवलतीत मिळवा. आबांच्या पोराने कोडं सोडवलं होतं आणि बक्षीस लागल्याचं पत्र आलं होतं. आबांनी पंच्याऐंशी रुपये मोजले. नोटा धोतराच्या सोग्यातून एकेक काढून, फळीवर सपाट करून ठेवल्या. पार्सल तिथेच खिडकीशी उघडलं. आत रेडिओच्या आकाराचं प्लास्टिकचं खोकं होतं. बटणं होती, काटा होता, वर पत्र्याची एरियल होती. मागचं झाकण काढलं तर सेल बसवायला जागाच नव्हती. आबांनी ते मला उलटंपालटं करून दाखवलं आणि विचारलं, ‘मास्तर, पैसं परत कुनाकडं मागायचं?’

टपालाच्या १८९८ च्या कायद्यात याचं थोडं उत्तर होतं. व्ही.पी. करणाऱ्याने ‘खऱ्या मागणीवरून माल पाठवतोय’ असं लिहून द्यावं लागे. फसवणूक झाली तर वसूल केलेली रक्कम रोखून घेणाऱ्याला परत द्यायचे नियम करण्याची सोयही होती. आबांचा अर्ज मी लिहिला. पण अडचण लक्षात घ्या. मागणी खरी होती, कारण पोराने पत्र लिहिलं होतं. जाहिरातीत चित्र होतं आणि आलेली वस्तू चित्रासारखीच दिसत होती. फसवणूक झाली हे वरच्या कचेरीला पटवायचं, चौकशी दुसऱ्या राज्यातल्या पोस्टाने करायची, आणि मनिऑर्डर तर त्याच संध्याकाळच्या थैलीतून निघून गेलेली. आबांना पैसे मिळाले नाहीत. हा काही एकट्याचा प्रसंग नव्हे. सुगीनंतर लोकांच्या हातात पैसा आला की अशी पार्सलं वाढायची, हे खिडकीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

या काळात सरकारदरबारी जी व्यवस्था होती ती दिल्लीत. १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्याखाली आयोग बसलेला होता आणि १९८४ च्या दुरुस्तीने फसव्या जाहिराती, खोटी बक्षिसं हे प्रकार ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणून त्याच्या कक्षेत आले. म्हणजे आबांचं दुखणं कायद्याने ओळखलं, पण त्याचा दवाखाना दिल्लीला ठेवला.

अंतर तोडायचं काम आधी माणसांनी केलं. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. सुधीर फडक्यांसारखा गायक-संगीतकार या कामात पडला. गिऱ्हाइकाला ‘ग्राहक’ म्हणून उभं करायचं, त्याच्या बाजूने कायदा मागायचा, हे त्यांनी गावोगाव बोलून केलं. या चळवळींच्या रेट्यातून देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. २४ डिसेंबर १९८६ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. माझ्या दृष्टीने त्यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ‘जिल्हा’ हा शब्द. प्रत्येक जिल्ह्याला ग्राहक मंच. साताऱ्याला साताऱ्याचा, सांगलीला सांगलीचा. वकील नसला तरी चालेल, साध्या कागदावर तक्रार लिहा. जतच्या माणसाला दिल्ली-मुंबई नव्हे, सांगलीची एसटी पुरेल.

पण त्या कायद्याच्या कलम ११ मध्ये एक फट राहून गेली. तक्रार कुठे करायची, तर जिथे विकणारा राहतो किंवा धंदा करतो, त्याची शाखा आहे, अथवा जिथे तक्रारीचं कारण घडलं तिथे. तक्रारदार कुठे राहतो याला महत्त्व नव्हतं. दुकान सांगलीच्या गणपती पेठेत असेल तोवर यात काही बिघडत नव्हतं. २००७ नंतर ऑनलाइन दुकानं आली आणि फट उघडी पडली. कंपनी बंगळुरूची, विकणारा सुरतचा, गोदाम भिवंडीचं, माल मागवला तासगावातून. कारण नक्की कुठे घडलं? अनेक मंचांनी माल जिथे मिळाला तिथे कारण घडलं असं मानलं, पण आधी तो वाद घालावा लागायचा, आणि हजार रुपयांच्या मालासाठी तेवढ्यानेच माणूस थकायचा.

२०१९ च्या नव्या कायद्याने ती फट बुजवली. २० जुलै २०२० पासून तो लागू आहे. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे पूर्वीच्या मंचाकडे, त्याला जाता येतं. कायद्याच्या पुस्तकात ती एवढीशी ओळ आहे. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला विट्याची खिडकी आणि आबांचा प्रश्न आठवला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. सुनावणी व्हिडिओवर मागता येते, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. पाठोपाठ २३ जुलै २०२० ला ई-कॉमर्सचे नियम आले. सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितलं त्याहून वेगळा माल आला तर विकणारा तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो, ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्यात निकाल लावावा लागतो.

अलीकडचं एक प्रकरण सांगतो. तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने फळछाटणीच्या तोंडावर चार जपानी कात्र्या मागवल्या. पैसे आधीच भरलेले. पार्सल आलं तेव्हा तो बागेत. घरच्यांनी घेऊन फळीवर ठेवलं. छाटणीला बसायच्या दिवशी उघडलं तर आत दुसऱ्याच बनावटीच्या हलक्या कात्र्या, काडीला लावल्या की पात्यात फट पडणाऱ्या. कंपनी म्हणाली, परतीचे सात दिवस उलटले. मग म्हणाली, आम्ही फक्त बाजारपेठ, विकणाऱ्याशी बोला. मग म्हणाली, तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकच नाही.

तो माझ्याकडे खोकं घेऊन आला हे बरं झालं. पार्सलवरचं लेबल शाबूत होतं. टपालात राहिलेल्या माणसाची नजर आधी वजनावर जाते. लेबलवर ४०० ग्रॅम छापलेलं होतं. मागवलेल्या चार कात्र्यांचं वजन कंपनीच्याच पानावर दिलेल्या आकड्यांनी ९०० ग्रॅमच्या वर भरत होतं. म्हणजे माल गोदामातून निघाला तेव्हाच चुकीचा होता, घरात कुणी बदलला नव्हता, हे त्यांच्याच कागदावर लिहिलेलं. व्हिडिओ काढलेला नसला तरी एवढा पुरावा भक्कम आहे. म्हणून सगळ्यांना सांगतो, खोकं उघडलं तरी लेबल फाडू नका, आणि त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा.

‘धंद्यासाठी’ या मुद्द्यालाही उत्तर होतं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यापारी खरेदी मानत नाही. शेतकरी ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. अटींमध्ये लवादाचं कलम होतं, तेही अडवू शकत नव्हतं. एम्मार एमजीएफ प्रकरणात २०१८ साली तो प्रश्न सुटलाय. आम्ही १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद केली, तक्रार अधिकाऱ्याला पोच मिळेल अशा टपालाने नोटीस धाडली आणि सांगलीच्या आयोगासाठी तक्रारीचा मसुदा तयार ठेवला. नोटिशीत कलम ३४ ठळक लिहिलं होतं. तक्रार दाखल करायच्या आतच कात्र्यांचे पैसे आणि थोडा खर्च खात्यात जमा झाला. छाटणीसाठी त्याला गावातून दुसऱ्या कात्र्या विकत घ्याव्या लागल्या होत्या. छाटणी थांबत नसते. पण माझी खात्री आहे, हीच नोटीस दहा वर्षांपूर्वी गेली असती तर कंपनीने आधी ‘सांगली का?’ असं विचारलं असतं.

सगळं झालं असं मी मानत नाही. जिल्हा आयोगाने साध्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यावा असं कायदा सांगतो. लोकांना त्याहून कितीतरी जास्त थांबावं लागतं. आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा प्रकार वेगळाच आहे. समाजमाध्यमांवर साडीचा नाही तर भांड्यांचा फोटो दिसतो, पत्ता कुठेच नसतो, कॅश ऑन डिलिव्हरीने पार्सल येतं आणि आत चिंध्या. कधी तर न मागवलेलंच पार्सल येतं. मुलाने मागवलं असेल म्हणून घरातली आजी चारशे रुपये देऊन मोकळी होते. अशा वेळी कलम ३४ काय करणार? नोटीस पाठवायला पत्ता तर हवा. कोड्यातला रेडिओ विकणाऱ्यांचीच ही पुढची पिढी आहे.

इथे जुन्या टपाल कायद्यातली दोन कलमं मला पुन्हा हवी आहेत. २०२३ च्या नव्या कायद्याने १८९८ चा कायदा गेला, पण त्यातला विचार जाऊ नये. कॅश ऑन डिलिव्हरी करणाऱ्या प्रत्येक कुरिअरने पाठवणाऱ्याकडून खऱ्या मागणीचं लेखी घ्यावं आणि त्याचा पक्का पत्ता पार्सलवर छापावा. आणि दारात गोळा केलेले पैसे काही दिवस कुरिअरकडेच थांबवावेत. तेवढ्यात तक्रार आली, तर ते पाठवणाऱ्याला न देता घेणाऱ्याला परत करावेत. विट्याला त्या दिवशी मनिऑर्डर संध्याकाळच्या थैलीत घालायचा नियम होता, म्हणून आबांचे पैसे गेले. आज पैसा यंत्रातून फिरतो. तो चार दिवस थांबवायला कुणाला थैली अडवावी लागणार नाही. ही मागणी मी लेखी केली आहे, आणि सातारा-सांगलीतल्या ग्राहक कार्यकर्त्यांनी, बचत गटांनी, ग्रामपंचायतींनी आपापल्या नावाने ती दिल्लीला पाठवावी अशी माझी विनंती आहे.